मागून आणलेल्या सतरंज्या

शाळेच्या कपाटात चांगल्या धडक्या सतरंज्या असताना वेणूबाई दर वर्षी समारंभासाठी गावातून सतरंज्या मागून आणत. खुर्च्या एका वकिलांकडून, गॅसबत्ती एका अडत्याकडून, सतरंज्या आबासाहेबांकडून. चिखलीच्या मुलींच्या शाळेत मी नवी रुजू झाले तेव्हा मला हा निव्वळ वेडेपणा वाटला. उगाच हेलपाटे घालणं मला तेव्हाही आवडत नसे, आताही आवडत नाही. मी सरळ विचारलं, "बाई, कपाटातल्या का नाही काढत?"

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "आपल्या सतरंज्या पाहाले कोन येईल व, सिंधू? त्याची आंथर. मंग पाह्य मानूस येते का नाई."

माणूस येत असे. आपली सतरंजी कुठे पडली, तिच्यावर कोण बसलं, कोणी पानाची पिंक तर नाही ना टाकली, हे पाहायला तरी येत असे.

वेणूबाई मुख्याध्यापिका होत्या. काटकुळ्या, काळ्यासावळ्या, पायात कायम पुरुषी वहाणा. माहेर माळ्याचं. वडील वांगी-मिरच्या घेऊन बाजारात बसत. लवकर विधवा झाल्या, तेव्हा वडिलांनी त्यांना घरी न बसवता शाळेत बसवलं. वर्गात त्या पुस्तकातली मराठी बोलत, वर्गाबाहेर वऱ्हाडी. शाळा तपासायला येणाऱ्या साहेबांशी मात्र मुद्दाम वऱ्हाडीच. "पुस्तकी बोललं का साहेब चुका काढते," त्या म्हणत, "आपलं बोललं का ऐकते."

समारंभ शिष्यवृत्तीचा. कापूस विकून लोकांचे हात मोकळे झाले की बाई तो ठेवत. गावातले सधन लोक आईच्या, बायकोच्या नावाने हुशार मुलींना शिष्यवृत्त्या देत. भाषणं, हार, फराळ हे सगळीकडे असतं तसंच. खरा समारंभ त्याआधी महिनाभर बाईंच्या दोन खोल्यांत चाले. तिथे त्या माझी तालीम घेत. मी उभी राहायचं, त्या पाहुण्या व्हायच्या.

"मी तहसीलदार. आलो. तू काय करशील?"

"नमस्कार करून जवळ बसेन."

"सारं गावच त्याच्याजवळ बसते. तुले कुठी जागा भेटन? जो मानूस लवकर आला अन् एकटा बसून राह्यला, त्याच्यापाशी बैस."

"काय बोलू?"

"त्याची तारीफ करू नको. मोठ्या मानसाले थे रोजच भेटते. त्याच्या घरच्या दुखन्याचं विचार, बैलाचं विचार. अन् त्या दिवशी काईच मागू नको."

"मग मागायचं कधी?"

"सतरंजी वापस नेताना."

आणखी एक नियम होता, तो सर्वांत कडक. समारंभाला जाताना पोटभर जेवून जायचं. "उपाशी मानूस लाचार दिसते. सामोरच्याले वाटते, हे आपल्याले खाऊन टाकते." त्यामुळे आम्ही दोघी भाकरी-पिठलं खाऊन समारंभाला जात असू आणि तिथला फराळ मुलींना वाटून टाकत असू.

हे सगळं कशासाठी, ते सांगते. खेड्यातल्या मुली चौथी झाल्या की शाळा संपे, कारण पुढे शिकायला चिखलीत राहायचं कुठे? सरकारी बोर्डिंगसाठी बाईंनी अर्ज केला होता. वऱ्हाडचा कारभार नागपूरहून चाले आणि नागपूरहून "विचार चालू आहे" एवढंच उत्तर येई. तोवर बाईंनी पाच मुली आपल्याच खोल्यांत ठेवून घेतल्या होत्या. रात्री पाय पसरायला जागा नसे. पुढे त्यांत गंगू आली, ती सर्वांत हुशार. तिचा बाप मेहकरकडचा, साधा शेतकरी. "बाई आहे म्हनून ठेवतो पोरीले," असं तो दर खेपेला बजावून जाई.

बाईंची नजर होती आबासाहेबांच्या घरावर. बाजारामागचं कौलारू घर, मागे विहीर. हंगामात तिथे सरकी भरत, एरवी कुलूप. आबासाहेब मोठे जमीनदार. कमी बोलणारे. त्यांचा जीव शंकरपटाच्या शर्यतीत पळणाऱ्या बैलजोडीवर. बाई सतरंज्या परत करायला जात तेव्हा आधी गोठ्यात जाऊन बैलांच्या पाठीवर हात फिरवत. माळ्याची लेक, बैल त्यांना कळत. एकदा आबासाहेब मला वाटतं कंटाळून म्हणाले, "बाई, दरसाल कायले ने-आन करता? ठेवून घ्या शाळेतच."

"नाई आबासाहेब, तुमची वस्तू तुमच्याच घरी बरी," असं म्हणून बाई उठल्या.

रस्त्यावर आल्यावर मी म्हटलं, "देत होते तर घ्यायच्या होत्या."

"अन् पुढच्या साली कोन्या निमित्तानं येशील? बैलाले पाहाले?"

"मग घराचं तरी विचारायचं होतं."

"आता नाई. मानूस पिकू द्या लागते, सिंधू. कच्चा तोडला तं आंबटच निंगते."

अशी वर्षं गेली. दर वर्षी मी विचारी, दर वर्षी त्या "पुढच्या साली" म्हणत. शेवटच्या वर्षी मात्र त्या स्वतःच म्हणाल्या, "यंदा मागू. यंदा त्याईनं सोताहून इचारलं, पोरी किती झाल्या म्हनून."

समारंभ आठवड्यावर आला असताना त्यांना ताप भरला. ताप छातीत उतरला. बुलढाण्याहून डॉक्टर आणला, त्याने औषध दिलं आणि मला बाहेर बोलावून मान हलवली. बाई तापात तालीम घेत होत्या. "आबासाहेब आले का? पानी देल्लं का त्याईले?" मी म्हटलं, "दिलं." एकदा त्यांनी डोळे उघडून मला नीट ओळखलं आणि म्हणाल्या, "जेवून जाजो." कुठे, ते सांगितलं नाही. दुसऱ्या सकाळी त्या गेल्या.

मी रडले नाही. रडू आलंच नाही. पाटी पुसल्यावर जशी दिसते तसं डोकं झालं होतं. कामं समोर होती ती केली. मुलींना शेजारी झोपायला पाठवलं. खोल्यांच्या मालकाने चार दिवसांत जागा मोकळी करा म्हणून सांगितलं, त्याला बरं म्हटलं. समारंभाच्या दिवशीच शोकसभा ठेवायचं ठरलं. गंगूच्या बापाला निरोप गेला होता. त्याचा उलट निरोप आला की त्या दिवशी बैलगाडी घेऊन येतो आणि पोरीला नेतो. बाकीच्यांचे बापही तेच करणार हे उघड होतं.

सभेच्या आदल्या दिवशी शिपायाने कपाट उघडून सतरंज्या काढल्या. मी त्या परत ठेवायला लावल्या आणि आबासाहेबांकडे गेले.

ते ओसरीवर बसले होते. मी सतरंज्या मागितल्या.  ते म्हणाले, "शाळेत सतरंज्या नाईत काय, बाई?"

"आहेत," मी म्हटलं.

"मले मालूम आहे. माह्या दिवानजीनं कपाटात पाह्यल्या होत्या. लय साल झाले."

 तालमीत हे कधी आलं नव्हतं. त्यांनी गड्याला हाक मारली. "साऱ्या काढ बे. नव्या पन काढ. झटकून दे."

शोकसभेच्या दिवशी मी ज्वारीची भाकरी आणि वांग्याची भाजी पोटभर खाल्ली. शेजारची काकू दारातून पाहत होती. "असं कसं जेवन जाते व तुले?" ती म्हणाली. मला जेवण जात होतं. चव लागत नव्हती, एवढंच.

आबासाहेब सर्वांच्या आधी आले आणि एकटेच पुढे बसले. मी त्यांच्या शेजारी बसले. तारीफ केली नाही. बैलांचं विचारलं. एका बैलाचा खूर दुखत होता, त्याचं त्यांनी सांगितलं. मग भाषणं झाली. वकील चांगलं बोलले, बाईंबद्दल नव्हे, पण चांगलं बोलले. मी त्या दिवशी काही मागितलं नाही. सभा संपली तेव्हा गंगूचा बाप गाडी जुंपून फाटकापाशी उभा होता, गंगूची पेटी गाडीत चढली होती. मी त्याला म्हटलं, "आजच्या दिवस मुक्काम करा. उद्या जा." तो म्हणाला, "बाईच नाई तं मुक्काम कायले?" पण त्याने बैल सोडले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी सतरंज्या स्वतः झटकल्या, घडी घातल्या आणि गाडीत घालून आबासाहेबांकडे नेल्या. आधी गोठ्यात गेले. दुखऱ्या खुराचा बैल कोणता, ते मला कळलं नाही. पाठीवर हात मात्र फिरवला. मग ओसरीवर येऊन म्हटलं, "आबासाहेब, बाजारामागचं घर मुलींसाठी हवं आहे. आजच हवं आहे. एका मुलीचा बाप गाडी घेऊन थांबला आहे."

"बाईनं तं कधी मांगतलं नाई."

"यंदा मागणार होत्या."

ते उठून आत गेले. मला वाटलं, संपलं. चुकले, बाईंनी अशी 'आजच'ची घाई केली नसती. ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात किल्ली होती. "सरकी आहे थोडी. गडी पाठवतो, संध्याकाळलोक खाली करते. घर आता शाळेचंच समजा. ठेवून घ्या किल्ली."

मी किल्ली घेतली आणि म्हटलं, "नाही आबासाहेब. वर्षभरासाठी नेते. शिष्यवृत्तीचा समारंभ झाला की परत आणून देईन."

 मान खाली घालून ते म्हणाले, "बरं. आना."

गंगूची पेटी त्या संध्याकाळी बाजारामागच्या घरात उतरली. ती सातवी झाली, आता मेहकरला मास्तरीण आहे. घरात आता वीस मुली असतात. मी मुख्याध्यापिका आहे. समारंभ झाला की सतरंज्या गाडीत घालते, किल्ली पदराला बांधते आणि आबासाहेबांकडे जाते. ते किल्ली घेतात, आत नेऊन ठेवतात. आम्ही चहा घेतो, बैलांचं बोलतो. मी निघताना ते किल्ली परत आणून देतात. मग मी जे मागायचं ते मागते. गेल्या वर्षी विहिरीला नवा रहाट मागितला.

शाळेच्या कपाटातल्या सतरंज्या कोणी वापरल्या नाहीत. उन्हाळ्यात एकदा मी त्या उन्हात घालते, झटकते आणि परत घडी घालून ठेवते.