आमची काही तक्रार नाही

सात रस्त्याजवळच्या माझ्या टपरीत एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि गिऱ्हाइकासाठी एक स्टूल. लोकांचे कचेरीत द्यायचे अर्ज मी टाइप करून देतो. बायको गेल्यापासून दिवसभरात माझ्याशी कुणी बोललंच तर ते अर्जदारच.

गेल्या काही वर्षांत एक अर्ज इतका चालला की त्याचा नमुना मी तयारच ठेवला. 'गैरसमजातून तक्रार दिली होती, आता आमची काही तक्रार नाही.' नदीतली वाळू उपसणाऱ्या टोळीविरुद्ध कुणी तोंड उघडलं, की महिन्याभरात तो माणूस माझ्या स्टुलावर. पांढऱ्या शर्टातला कुणीतरी त्याला घेऊन यायचा आणि बाहेर फोनवर बोलत उभा राहायचा. माघार घेणारासुद्धा आधी मला सगळं सांगायचा. मारहाण, धमक्या, पोरीच्या शाळेपर्यंत केलेला पाठलाग. दुसरं कोण ऐकणार होतं? मी ऐकायचो आणि नाव-गाव बदलून नमुना छापायचो. शेवटी ठरलेली ओळ, 'वाचून दाखवले, समजले, बरोबर आहे.' वाचून मी कुणालाच दाखवत नव्हतो. मान खाली घालून बसलेल्याला काय वाचून दाखवायचं?

एक दिवस मोडनिंबकडची बाई आली, मेंढरं राखणाऱ्या घरातली. नवऱ्याने वाळूची तक्रार दिली म्हणून त्याच्या पायांवर ट्रॅक्टर घातला होता. तो दवाखान्यात पडून होता. बाहेर पांढऱ्या शर्टातला माणूस फोनवर. मी सवयीने नमुना काढला, नाव-गाव भरलं, तिचा अंगठा घेतला.

नंतर कळलं, तो पांढऱ्या शर्टातला तिचा सख्खा भाऊ होता, टेंभुर्णीचा ड्रायव्हर. दवाखान्याशी बोलत होता. ती माघार घ्यायला नाही, ट्रॅक्टरची नवी तक्रार द्यायला आली होती. मी घडी घालून दिलेला कागद भावाने न उघडताच कचेरीत दिला. लिहिणाऱ्यावर लोकांचा भरवसा असतो.

आठ दिवसांनी ती एकटीच आली. साहेबांनी तिला तोच कागद दाखवून परत पाठवलं होतं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं मला. ती एवढंच म्हणाली, "दादा, चूक तुमची हुती येवढं लिवून द्या. खाली तुमची सही करा."

मागेपुढे कुणी नसलं की माणूस भीत नाही म्हणतात. साफ खोटं आहे. माझे पाय मोडले असते तर दवाखान्यात डबा आणायलाही कुणी नव्हतं. मी म्हणालो, प्रिंटर बिघडलाय.

"हुईल की नीट. मी बसते," ती म्हणाली.

आणि बसली. ते खोटं टिकवायला मी दिवसभर आलेली सगळी गिऱ्हाइकं परत पाठवली. दुपारी तिने फडकं सोडलं, भाकरी मोडली आणि अर्धी चटणीसकट माझ्यापुढे ठेवली. मी ती खाल्ली.

पाच वाजता शटर ओढलं. उद्या किती वाजता येऊ, असं तिने विचारलं. मी दहा म्हणालो. दुसऱ्या दिवशी मी टपरी उघडलीच नाही.