चहाच्या पातेल्यातलं कातडं

गॅसवर चहाचं आधण खदखदायला लागलं की ती केस अजून माझ्या डोळ्यांपुढं उभी राहते. मी नुसता पातेल्याकडं बघत बसतो. बायको म्हणते, "झालं! पोचले साहेब वाशीला." पोचतोच मी. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, पण आठवण येते ती एका पोत्याच्या चोरीची.

मोठा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. सोलापूरकडच्या वाशी भागातल्या एका ठाण्यात मी नवा फौजदार होतो. वय सत्तावीस, अंगात रग. समोरचा माणूस गप्प बसला की तो गुन्हेगारच, असं माझं त्या वेळचं शास्त्र! नावं कुणाचीच सांगत नाही. त्या लोकांची लेकरंबाळं आज तिथं मानानं राहतात.

दुष्काळात जनावरं पटापट मेली होती आणि कातड्यांचे ढीग लागले होते. त्यातून ओढ्याकाठी कातडी कमावणाऱ्यांची सहकारी संस्था उभी राहिली. पूर्वी बाभळीची आणि तरवडाच्या झुडपाची साल घालून कातडं कमवायला दीड-दोन महिने लागत. ते लालसर आणि दणकट व्हायचं, मोटेला आणि वहाणांना चालायचं. शहरातल्या बूटवाल्यांना मात्र मऊ कातडं हवं असे. ते व्हायचं क्रोमच्या हिरव्या पुडीनं, तेही चार-पाच दिवसांत. हे काम शिकवायला संस्थेनं प्रशिक्षण केंद्रातून एक तरुण मास्तर आणले होते.

मास्तरांनी मला एकदा समजावलं होतं, "साहेब, ओरिसाच्या खाणीतून काळा दगड निघतो. कारखान्यात त्याची रसायनं होतात. तुमच्या सायकलच्या हँडलची चकाकी क्रोमची आणि आमची ही पूडही क्रोमचीच." ही पूड सुटी मिळत नसे. आधी उद्योग खात्याचं पत्र, मग यादीत नंबर, मग सोलापूरहून ट्रक. आलेला माल आणि वापरलेला माल जुळला नाही तर पुढचा कोटा बंद, म्हणजे संस्थाही बंद.

अशात एका सोमवारी चेअरमन घाम पुसत ठाण्यात आले. "साहेब, तिमाहीची मोजणी केली तर क्रोमचं एक पोतं गेलेलं. कुलूप जसंच्या तसं हाय."

कुलूप शाबूत म्हटल्यावर माझं डोकं चाललं ते सरळ राखणदारावर, कारण चावी त्याच्या करगोट्याला बांधलेली असे. फिर्याद घेतली, पंचनामा केला आणि राखणदाराला ठाण्यात आणून बसवलं. पस्तिशीचा माणूस, बौद्ध वस्तीतला. दुष्काळात रस्त्याच्या कामावर खडी फोडून हाताची सालटी निघाली होती, त्यानंतर ही पहिली पगाराची नोकरी लागलेली. चेअरमननं त्याला त्याच दिवशी कामावरून बंद केलं.

"चावी कुणाला दिली होतीस?" मी दरडावलं.

तो खाली बघत म्हणाला, "म्या चोरी केली न्हाय साहेब. फुडं तुमाला काय लिवायचं ते लिवा."

"मग केली कुणी?"

गप्प. सकाळी गप्प, दुपारी गप्प. संध्याकाळी घरी सोडायचो, सकाळी पुन्हा बोलावून व्हरांड्यात फरशीवर बसवायचो. त्याची बायको फडक्यात भाकरी बांधून आणायची आणि फाटकाबाहेर लिंबाखाली उभी राहायची. आत ये असं तिला कुणी म्हटलं नाही. मीही म्हटलं नाही. आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

तिसऱ्या दिवशी बाजारात एका ओळखीच्या धनगरानं मला बाजूला घेतलं. "साहेब, गेल्या आठवड्यात आबांच्या घरामागं वगळीच्या खड्ड्यात पाणी साचलं व्हतं, हिरवंगार. माजी शेरडं नुसती हुंगून माघारी फिरली."

आबा म्हणजे संस्थेतले सर्वांत जुने कारागीर. साठी उलटलेली, हाताची बोटं साल कुटून कुटून लाल झालेली. क्रोमला त्यांचा उघड विरोध होता. भर सभेत त्यांनी सुनावलं होतं, "चार दिसांत कमावल्यालं कातडं चार दिस टिकल!" असा माणूस ती पूड कशाला चोरील? विकायला? पण आबांनी उभ्या जन्मात कुणाची काडी उचलल्याचं कुणी सांगत नव्हतं.

तरी दोन पंच घेऊन गेलो. आबांनी खाट टाकून पाणी दिलं. घरामागची कातडी भिजवायची कुंडं धुऊन ठेवलेली, वगळीतलं पाणीही मुरून गेलेलं. दोरीवर शेळीचं एक कातडं तेवढं वाळत होतं, लालसर, तेल दिलेलं.

"हे काय आबा?"

"सालीतलं हाय. दुसरं काय आसनार आमच्या घरी?"

मी ते जप्त केलं आणि आबांना ठाण्यात यायला सांगितलं. ते धोतर सावरत आले. व्हरांड्याची पायरी चढले आणि थबकले. राखणदार उठून उभा राहिला होता.

"तू हितं कसा रं?" आबांनी विचारलं.

हवालदारच म्हणाले, "तीन दिवस झाले त्याला. नोकरी गेली त्याची." आबा चार दिवस लेकीकडं गेले होते, त्याच सकाळी परतले होते; त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं.

आत आल्यावर मी तासभर विचारपूस केली. आबा चेहऱ्यावरची रेष हलू देईनात. "म्या त्या पुडीला हात बी लावला न्हाय," एवढंच पुन्हा पुन्हा. पण नजर सारखी दाराकडं जायची. मी वैतागलो आणि मास्तरांना बोलावणं धाडलं. ते चेअरमनला घेऊन आले, त्यांनी कातडं वरवर चाचपलं आणि माझ्यापुढं टाकलं.

"साहेब, हे क्रोमचं नाही. सालीतलंच आहे आणि तेही कच्चं. आबांचं आता वय झालं. मी त्यांना म्हटलंही होतं, तुम्ही नुसती कातडी वाळवा, हे नवं काम तुमच्यानं व्हायचं नाही."

आबांच्या मानेची शीर ताठ झाली. चोर म्हटल्यावर जो माणूस हलला नव्हता, तो 'कच्चं' म्हटल्यावर उठून उभा राहिला.

"कच्चं? मास्तर, कच्चं म्हनला?" मग माझ्याकडं वळून म्हणाले, "साहेब, च्याचं पातेलं ठिवा. पानी उकळू द्या. हाताच्या काकनाला आरसा कशाला?"

मला वाटलं म्हातारा चळला. पण हवालदारांनी ठाण्याच्या मागं स्टोव्ह पेटवला. आबांनी कातडं कापायची रापी मागितली, ती नव्हती. मग सुरीनं कातड्याचा बोटभर तुकडा कापला. हवालदारांच्या जुन्या वहाणेचा एक पट्टा घेतला. दोन्ही उकळत्या पाण्यात सोडले. व्हरांड्यातले शिपाई, चेअरमन, राखणदार, सगळे पातेल्याभोवती गोळा झाले.

वहाणेचा पट्टा सालीच्या कातड्याचा. बघता बघता तो तव्यावरच्या पापडासारखा मुरडला आणि आकसून निम्मा झाला. आबांचा तुकडा जसा टाकला तसाच, सपाट. काही वेळानं चिमट्यानं बाहेर काढला, तरी तसाच मऊ. मास्तरांनी तो उजेडात धरला. वरून लाल होता, पण कापलेल्या कडेला मधोमध क्रोममुळं येते तशी निळसर रेघ.

"हे क्रोमचं आहे, तेच उकळत्या पाण्यात आकसत नाही," मास्तर हळूच म्हणाले. "पक्कं. माझ्या हातचंही इतकं एकसारखं उतरत नाही. वरून सालीचा रंग दिलाय."

आपण काय शाबीत केलं हे आबांना कळलं नव्हतं असं नाही. त्यांनी खाली बसून डोक्यावरचं मुंडासं काढलं आणि मांडीवर ठेवलं.

"आता त्या लेकराला घरी जाऊ द्या, साहेब. चुन्याचं पोतं काढायचं म्हनून चावी म्याच मागून घेतली. पूड माज्या कडब्याच्या गंजीत हाय. लई न्हाय वापरली."

"पण कशासाठी आबा? तुम्ही तर क्रोमच्या विरोधात!"

"इरोधात न्हाय साहेब, भ्यालो व्हतो. चाळीस वर्सं ह्या हातानं कातडं कमावलं अन् आता म्हनं नुसतं वाळवा. लोकाम्होरं शिकायची लाज वाटली. चुकलं तर हसत्याल. म्हनून घरी केलं. पुडीसंगं सोडा येकदम टाकला की कातडं वरून दगूड अन् आत कच्चं ऱ्हातं. सात कातडी नासली. ह्ये आठवं."

मास्तर खाली बसले आणि त्यांनी आबांचे पाय धरले.

मी राखणदाराकडं बघितलं. "तुला माहीत होतं?"

"व्हय साहेब."

"मग बोलला का नाहीस? नोकरी गेली ना तुझी!"

"दुस्काळात आमच्या वस्तीची हीर आटली, तवा आबांनी कुंडाची हीर आमाला खुली केली. सोताचं काम बंद ठिवलं. त्या पान्यावर माजी पोरं जगली. त्येंचं नाव ह्या तोंडानं कसं घेऊ?"

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, तशी मी दोरी वळत आणली होती. एकजण उपकारापोटी गप्प होता, दुसरा लाजेपोटी, आणि मी स्टेशन डायरीत लिहिलं होतं, 'संशयित उडवाउडवीची उत्तरे देतो.'

कायद्याचं काम कायद्यानं झालं. कडब्यातून पोतं मिळालं. थोडंच कमी भरलं. संस्थेनं कोर्टात तडजोडीचा अर्ज दिला. पहिलाच गुन्हा, वय झालेलं. कोर्टानं ताकीद देऊन आबांना सोडलं. मास्तरांनी त्यांना आपल्या शेजारी कामावर घेतलं. राखणदारही कामावर परतला. पुढचा कोटा आला. मी मात्र राखणदाराला तोंड दाखवायचं टाळत राहिलो. तो दिसला की मी सायकल दुसऱ्या बोळात घालायचो. असा मी शूर फौजदार!

दीड वर्षानं माझी बदली झाली. निघायच्या दिवशी दुपारी मी स्वतःच संस्थेच्या फाटकाशी गेलो. तो स्टुलावर बसला होता, उठला. तेव्हापर्यंत मी त्याला 'अरे-तुरे'च करत आलो होतो.

"तुम्हाला मी तीन दिवस फरशीवर बसवलं," मी म्हणालो. "तुमच्या मंडळींना बाहेर उभं ठेवलं. माझं चुकलं. मला माफ करा."

तो गडबडला. मग खाली बघून हसला आणि त्यानं उजवा पाय थोडा पुढं केला. पायात नव्या कोऱ्या वहाणा होत्या, लालसर, मऊ, कडेला निळी रेघ.

"कोर्टातनं ते कातडं माघारी आलं, साहेब. आबांनी त्येच्या माज्यासाठी केल्या." आणि माझ्याकडं सरळ बघत म्हणाला, "किती बी तापलं तरी आकसत न्हाय."