माशाच्या तेलावर वाढलेल्या कोंबड्या

दुष्काळाच्या त्या वर्षी माझ्या ताईचं लग्न ईस्टरनंतरच्या सोमवारी ठरलं. आधीचं एक स्थळ साखरपुड्यापर्यंत येऊन मोडलं होतं, त्यामुळे या वेळी घरात सगळेच दबक्या आवाजात बोलत. नवऱ्या मुलाची आत्या बोलणी करायला आली होती. निघताना ती दारात म्हणाली, "दुष्काळ हाय, कळतं आमाला. पर आमची मान्सं कोंबडीबिगर पानावरून उठायची न्हाईत." पप्पांनी लगेच होकार दिला. घरामागे त्यांचं कोंबड्यांचं शेड होतं. श्रीगोंद्याच्या आमच्या भागात तेव्हा असं दुसरं नव्हतं आणि त्यांना त्याचा अभिमान होता.

मी पुण्याच्या कॉन्व्हेंटमधून शिक्षण संपवून नुकतीच परतले होते. वस्तीतल्या बायका मला 'मॅडम' म्हणत, आणि मी तोंड उघडलं की एकमेकींकडे बघत. म्हणून मी शेडमधलं खाद्य कालवायचं काम मागून घेतलं. कोंबड्या माझं मराठी तपासत नसत.

मका मिळेनासा झाला तेव्हा खाद्यात कोंडा आणि थोडी पेंड एवढंच उरलं. पक्षी वाळू लागले. नगरच्या एका खाद्य विकणाऱ्याने पप्पांना माशाच्या तेलाचे डबे दिले. "थोडं थोडं घाला," तो म्हणाला, "आणि कापायच्या बरंच आधी बंद करा." पप्पांनी त्यातलं पहिलं तेवढं धरलं. तेल सुरू झालं तशी पिसं तकाकली, छात्या भरल्या. मग ते बंद करायचा त्यांना धीर होईना. घाबरून ते उलट वाढवतच गेले. माझ्या हातांना साबणाने न जाणारा वास लागला. जेवताना मी डावा हात मांडीखाली ठेवायची. अंड्यांनाही तो वास येऊ लागला.

विहिरीचा तळ दिसू लागला. इतके पक्षी ईस्टरपर्यंत जगवणं शक्य नव्हतं. पप्पांनी ठरवलं, ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ लागण्याआधीच सगळे कापायचे आणि गोठवून ठेवायचे. मामा नगरच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये कामाला होते, तिथे जागा मिळाली. उपवासकाळ ज्या दिवशी सुरू होतो त्या राखेच्या बुधवारच्या आदल्या दिवशी आईने त्यातली एक कोंबडी शिजवली. मऊ, चवदार, वासाचं नाव नाही. पप्पांनी हाड चोखून ताटात ठेवलं. "बगा. दुष्काळात आसली कोंबडी कुनी खाल्ली का?"

मला त्या चांगल्या चवीचीच भीती वाटली. डब्याच्या तोंडाशी ओघळलेलं तेल मी रोज पाहत होते. ताजं असताना त्याचा वास सौम्य असे, पण हवेत राहिलं की ते चिकट होई आणि रंगाच्या जुन्या डब्यासारखं घाण मारू लागे.

"पप्पा, ते तेल कोंबडीच्या चरबीत उतरतं," मी सांगितलं. "गोठवलं तरी चरबी खवट होत राहते. मध्येच एखादी काढून शिजवून बघू या."

"बरफात काय सडतंय व्हय, मॅडम?" ते हसले.

"सडणं वेगळं. हे खवट होणं आहे."

"आन् शिजवून खानार कोन? उपासात?"

चर्चने नियम सैल केले होते, पण आमच्या वस्तीत अजून उपवासकाळभर कुणी मांसाला शिवत नसे. वर्षातले नेमके तेच दिवस, जेव्हा ते मांस चाखून बघणारं एकही तोंड वस्तीत नव्हतं. मामा दर रविवारी चर्चमध्ये मिस्साला येत. पप्पा विचारत, "कसं हाय?" मामा म्हणत, "दगडावानी हाय. काय होतंय त्याला." पप्पा माझ्याकडे बघून मान हलवत. ताई तेव्हा तिथून उठून आत जाई.

सोमवारी पहाटे टेम्पो आला. वऱ्हाड आदल्या संध्याकाळीच शाळेत उतरलं होतं. कोंबड्या पांढऱ्याशुभ्र दिसत होत्या, फक्त कातडीखालची चरबी गंजल्यासारखी पिवळी पडली होती. आचाऱ्याने पहिलं पातेलं चढवलं. थोड्या वेळाने झाकण काढलं आणि तो मागे सरकला.

"ह्याच्यात मासळी कुनी टाकली?"

वाफ मांडवभर पसरली. पप्पा पातेल्याजवळ गेले, वास घेतला. मग म्हणाले, "मसाला वाढव. लसूण घाल लई."

"मसाला जिभंला फसवतोय, दाजी. नाकाचं काय करू?"

ताई मागच्या दाराने आली. पांढरी साडी नेसून झाली होती, केस अजून मोकळे होते. तिने पळीतला तुकडा तोंडात घातला, चावला, आणि मांडवाबाहेर जाऊन थुंकून आली. "हे पानात पडायचं न्हाई," ती पप्पांना म्हणाली. "डाळ शिजवा." मग मला म्हणाली, "चल माझ्यासंगं."

नवरीने लग्नाआधी वऱ्हाडाच्या बिऱ्हाडी जायचं नसतं. ती गेली. शाळेच्या ओट्यावर आत्या वेणी घालत बसली होती. ताईने सरळ सांगितलं, "कोंबडी खराब निघाली, मी सोता चाखली. डाळभात हाय. चालत नसंल तर आत्ताच सांगा, चर्चची घंटा व्हायच्या आत."

आत्याने वेणी पूर्ण केली. तोवर आम्ही दोघी उभ्याच होतो. "पोरगी बोलती की," ती शेवटी म्हणाली. "जा, तयार हो."

लग्न झालं. डाळ वाढली तेव्हा आत्याच्या पंगतीतल्यांनी खाली बघून भराभर जेवण उरकलं. मला ते नाराजीपेक्षा वाईट वाटलं. जीप निघताना आत्याने ताईला आपल्या शेजारी बसवलं आणि तिच्या मांडीवर थोपटलं.

"आमच्याकडं कोंबड्या हायेत चिक्कार," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "ह्या पोरीला त्येच काम देऊ. चाखून बगायचं. आदी हिनं खायाचं, मग आमी."

जीपमधली माणसं हसली. ताईही हसली. तिचा हात खिडकीतून माझ्या हातात होता, आणि गाडी हलली तरी तिला तो सोडवेना.