बहारीनने दिलेलं आडनाव

बहारीनला लोक कमवायला जातात. ऐंशीच्या दशकात मी आणि आई वसईहून गेलो ते माझ्या मोठ्या भावाची, आंतोनची, कबर बघायला. तो वर्कशॉपमधल्या अपघातात गेला आणि तिथेच पुरला गेला. "दगडावर त्याचं नाव एकदा बघू दे, मग मी गप बसेन," असं आईचं म्हणणं.

आम्ही हूरा नावाच्या वस्तीत उतरलो. तुम्हालाही तेच सांगेन: खोल्या साध्या, पण खाली मल्याळी हॉटेलात मासे-भात मिळतो आणि हिंदीवर भागतं. उन्हाळ्यात मात्र जाऊ नका. आम्ही मे महिन्यात गेलो, एवढी आमची अक्कल.

आंतोनचा सोबती पास्कल, आमच्याच गावचा, टॅक्सीने कब्रस्तानात घेऊन गेला. आमचं आडनाव 'डाबरे' कुठेच दिसेना. मग तो एका सिमेंटच्या क्रुसापाशी मान खाली घालून थांबला. वर इंग्रजीत लिहिलं होतं: ए. टर्नर.

"ही कुणा गोऱ्याची," मी म्हणाले.

"आंतोनचीच गं. वर्कशॉपात आंतोन पुष्कळ. हा लेथवरचा टर्नर, म्हणून सगळे आंतोन टर्नर म्हणायचे. ऑफिसने क्रूसवाल्याला तेच सांगितलं."

आईला इंग्रजी येत नव्हतं, पण पत्राखालची त्याची इंग्रजी सही ओळखीची होती. तिने अक्षरांवरून बोट फिरवलं. "यात डी कुठंय गं?"

मला रडूच फुटलं.

दुसऱ्या दिवशी वर्कशॉपच्या इंग्रज साहेबाला भेटलो. माणूस वाईट नव्हता. टर्नर हे आमच्याकडचं जुनं, चांगलं आडनाव, असं सांगून तो समजूत घालू लागला. लेथवर लाकूड घडवणाऱ्याला गाव टर्नर म्हणायचं. पुढे धंदा सुटला तरी ते मुला-नातवंडांना चिकटलं. आपल्या सुतार-सोनारांसारखंच.

मी आईला मराठीत सांगितलं. ती म्हणाली, "त्यांच्यात पोरांना तरी लागलं. माझ्या आंतोनला पोर कुठे?"

हे मी साहेबाला सांगितलं नाही. नाव बदलाल का, एवढंच विचारलं. "इंशाल्ला," तो म्हणाला. बाहेर आल्यावर पास्कल पुटपुटला, "इथलं इंशाल्ला म्हणजे खलास समज." ते नाव कुणीही बदललं नाही.

बहारीनहून काय आणलं, असं गावात सगळे विचारायचे. मला त्या प्रश्नाची चीड यायची.

नोव्हेंबरात मृतांच्या दिवशी चर्चमधल्या मिस्सात वाचायच्या नावांत मी 'आंतोन डाबरे' लिहिलं. आईने खोडायला लावलं.

"टर्नर लिही. तिकडे त्याला डाबरे म्हणून कोण ओळखतं? प्रार्थना भलत्याकडेच जायची."

फादरांनी तेच वाचलं. शेजारची बाई आईकडे वळून म्हणाली, "हा कुणाचा गं?"