बत्तीवाल्याजवळचा ट्रंकवाला

मनोहरराव डेहनकर, वय अठ्ठावन्न. वर्ण सावळा, बांधा मध्यम. ओळखीची खूण: उजव्या अंगठ्यावर पत्र्याने कापल्याचा जुना व्रण. व्यवसाय: लोखंडी पेट्या बनवणे व विकणे. शरीराने व बुद्धीने धडधाकट. सदर इसमाने आपले उत्तम चालणारे 'नवयुग ट्रंक डेपो' हे दुकान सन १९७४च्या दसऱ्यास, कोणाच्याही दबावाविना व पूर्ण शुद्धीत, लोकांच्या तोंडी दुकानाचे नाव राहावे या एकमेव हेतूने कायमचे बंद केले.

हा हेतू समजून घ्यायचा तर बर्डीवर, म्हणजे आमच्या शहरातल्या मोठ्या बाजारपेठेत, पत्ता कसा सांगतात ते ठाऊक पाहिजे. बर्डीवर पत्ता नेहमी मेलेल्या दुकानाचा असतो. समोर चांगली तीन मजली बँक उभी असली तरी माणूस सांगतो, "जुन्या सोडावाल्याच्या बाजूनं वळा." सोडावाला फाळणीच्या आधीच गाव सोडून गेलेला. सांगणाऱ्यानं त्याला पाहिलेलं नसतं, विचारणाऱ्यानंही नसतं, आणि तरी माणूस बरोबर पोचतो.

मनोहररावांची जागा पूर्वी एका बत्तीवाल्याची होती. तो वरातींना गॅसबत्त्या भाड्यानं द्यायचा. वीज आली, बत्तीवाला गेला, आणि मनोहररावांनी तिथं पेट्या मांडल्या. कामठीच्या छावणीतले शिपाई, होस्टेलला निघालेली पोरं, सासरी चाललेल्या मुली, सगळ्यांच्या पेट्या तिथल्याच. झाकणावर गिऱ्हाइकाचं नाव मनोहरराव स्वतः पांढऱ्या रंगानं काढून देत. गिऱ्हाईक खूश होई आणि घरी जाऊन सांगे, बत्तीवाल्याकडून आणली.

त्यांनी पाटी मोठी केली. मग आणखी मोठी केली. शेवटी पाटीभोवती रंगीत दिवे लावले, तेव्हा लोक म्हणाले, बत्तीवाल्यानं रोषणाई बरी केली.

शेजारच्या नानाजी शिंप्यानं एकदा चहा पिता पिता निकाल दिला. "चालू दुकानाचं नाव कोण घेते गा? ते तं दिसूनच राहिलं. बंद पडलं का मंग आठवते लोकायले."

"म्हणजे मी मरू का?"

"तू काहून मरतं? दुकान मेलं तरी चालते."

नानाजी गंमत करत होता. मनोहररावांनी मात्र पायात चपला घालून सगळी बर्डी फिरून पाहिली. म्हणणं खरं निघालं. जिवंत दुकानाच्या नावानं एकही कोपरा नव्हता.

घरी त्यांची बायको पंचफुलाबाई भाजी निवडत होती. "बंद काहून करून राहिले? धंदा तं चांगला आहे."

"चांगला आहे म्हणूनच. डबघाईले आल्यावर बंद केलं तं कोण याद करन?"

"अन् माहेरच्यायले काय सांगू? जवाई रिकामा काहून बसला म्हणतील तं?"

"सांग, पत्ता होऊन राहिला."

पंचफुलाबाईंनी माहेरी यातलं काही कळवलं नाही.

दुकान जरीपटका वस्तीतल्या एका रेडिमेड कपडेवाल्याला भाड्यानं गेलं. सुतकाइतकं तरी थांबावं म्हणून मनोहररावांनी थोडे दिवस जाऊ दिले. मग रोज सकाळी पिशवी घेऊन, परगावच्या पाहुण्यासारखे ते स्टेशनवरच्या रिक्षास्टँडवर उभे राहू लागले.

"ट्रंकवाल्यापाशी चलतं का गा?"

"कोणता ट्रंकवाला?"

"बर्डीवरचा. नवयुग."

रिक्षावाला बाजूच्याला विचारी. बाजूचा म्हणे, "अरे, बत्तीवाल्यापाशी होतं कायतरी."

मनोहरराव न बसताच परत फिरत. दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर.

अशी काही वर्षं गेली. "धीर धर," नानाजी म्हणे, "बत्तीवाल्यालेही टाइम लागला असन." इकडे रेडिमेडवाल्याचा धंदा फळफळला आणि लोक बत्तीवाल्याकडून शर्ट आणू लागले. मग एका पावसाळ्यात मनोहररावांना विषमज्वरानं अंथरुणाला खिळवलं. उठले ते दिवाळीच्या सुमारास, निम्मे होऊन, दाढी वाढवून. पिशवी उचलताना बायकोला म्हणाले, "आज अखेरचं. आज नाही जमलं तं दुकान परत उघडतो."

"उघडा," ती म्हणाली. "मी तं तेच म्हणून राहिली."

स्टँडवर कन्हानहून नवा आलेला एक रिक्षावाला होता.

"ट्रंकवाल्यापाशी," मनोहरराव जवळजवळ पुटपुटले.

"बसा काकाजी."

ते बसले. रिक्षा पुलावरून बर्डीत उतरली, सोडावाल्याच्या बाजूनं वळली आणि बरोबर त्यांच्या जागेपुढे थांबली. मनोहररावांना लगेच उतरता येईना. त्यांनी नाक पुसलं.

"तुले हा पत्ता कोनं सांगितला गा?"

"साऱ्या स्टँडले माहीत आहे. एक म्हातारा येत जाय रोज. ट्रंकवाला, ट्रंकवाला करे. बसे नाही, नुसता विचारे अन् चालला जाय. डोकं फिरलं होतं म्हणते बिचाऱ्याचं. एकानं मागं जाऊन पाह्यलं, तं इथं येऊन उभा राहे. तवापासून हा कोपरा ट्रंकवाला."

"मंग? आता कुठं आहे तो?"

"मेला म्हणते पावसाळ्यात."

मनोहररावांनी भाडं दिलं आणि पायी घरी गेले. दुकान त्यांनी परत उघडलं नाही, स्टँडवरही पुन्हा गेले नाहीत. तो कोपरा अजून ट्रंकवाला याच नावानं चालतो. तिथं पेट्यांचं दुकान होतं हे कोणाला माहीत नाही.