डांबरताईंनी शिजवलेली फळी

डांबरताईंना हे नाव कारखान्यात कुणी ठेवलं ते कुणीच कबूल करत नाही, पण ते असं चिकटलं की पगारपत्रक सोडलं तर त्यांचं खरं नाव कुठेच उरलं नाही. बाई रसायनतज्ज्ञ. कारखान्यात पेंढा आणि लाकडाचा भुसा यांच्यापासून गाड्यांचं इंधन बनायचं आणि सगळं सत्त्व काढून झालं की मागे उरायचा काळाकुट्ट गाळ. साहेब तो बॉयलरमध्ये जाळायचे. जळेनासा झाला की मागच्या मोकळ्या जागेत ढीग घालायचे. डांबरताई त्या ढिगाकडे सोनाराच्या दुकानाकडे बघावं तशा बघायच्या. झाडाला ताठ उभं ठेवणारं लिग्निन नावाचं द्रव्य त्यात असतं, त्याची राळ होते, राळेचा गोंद होतो आणि मग खनिज तेलापासून केलेला गोंद तेवढा कमी लागतो, असं त्या भेटेल त्याला समजावून सांगत. भेटणारे हळूहळू कमी होत गेले.

अखेर प्लायवूडचा एक कारखानदार तयार झाला. माणूस ताकही फुंकून पिणारा. त्याची अट एकच: या गोंदाने चिकटवलेल्या फळीचे तुकडे तासन्‌तास उकळायचे, आणि त्यांचे थर सुटता कामा नयेत. तुकडे तयार झाले आणि नेमकी प्रयोगशाळेतली शेगडी बंद पडली. डांबरताईंनी तुकडे पिशवीत घातले, घरी आणले आणि सुट्टीच्या दिवशी सकाळीच मोठ्या पातेल्यात घालून गॅसवर चढवले. पण त्यांची दाढ दुखत होती, दातांच्या डॉक्टरांकडे जाणं भाग होतं. म्हणून सासूबाईंना सांगितलं, पाणी आटलं की गरम पाणी घाला, बाकी काही करू नका.

सासूबाईंनी आयुष्यात चुलीवरून काही अळणी उतरवलं नव्हतं. थोडा वेळ त्यांनी कळ काढली. मग चिमूटभर मीठ घातलं. मग नुसतं मीठ बरं दिसेना, म्हणून दोन कांदे चिरून टाकले. वासाने सासरे वर्तमानपत्र ठेवून आले आणि झाकण उचलून बघू लागले.

"काय शिजतंय?"

"फळी," सासूबाई म्हणाल्या.

सासऱ्यांनी पळी बुडवली, थोडं चाखलं आणि बराच वेळ विचार केला. "मिरी हवी होती," म्हणून ते परत वर्तमानपत्राकडे गेले.

डांबरताई अर्धा गाल बधिर घेऊन परतल्या, तर पातेल्यात कांद्याचा लगदा आणि त्यात तरंगणाऱ्या फळ्या. ओरडायचं तर तोंड उघडत नव्हतं. त्यांनी एकेक तुकडा बाहेर काढला, सुरीच्या टोकाने थर सुटतात का पाहिलं. एकही थर हलला नाही. बधिर गालासकट त्या हसल्या, आणि ते हसू इतकं वाकडं झालं की सासूबाई घाबरून पाणी आणायला धावल्या.

कारखानदाराने तुकडे वाकवून, आपटून पाहिले. मग नाकाशी नेले. कांद्याचा वास का येतो, असं त्याने विचारल्यावर डांबरताईंनी खरं ते सांगून टाकलं. तो म्हणाला, नवे तुकडे करा. आपण माझ्या कारखान्यात, माझ्या पाण्यात, माझ्या डोळ्यांदेखत उकळू.

या वेळी गोंद लावलेले थर तापवून दाबणाऱ्या दाबयंत्राजवळ साहेब जातीने उभे राहिले. तुकडे ठरल्या वेळी गरम दाबाखालून निघाले, कारखानदाराकडे गेले, उकळले, आणि त्यांचे थर भिजलेल्या पुस्तकाच्या पानांसारखे अलगद वेगळे झाले. डांबरताईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी सासूबाईंना कारण आधीच माहीत होतं. "मीठ घातलं नसशील," त्या म्हणाल्या. शेजारणींनाही त्यांनी तेच सांगितलं. डांबरताईंनी, कुणाला न सांगता, गोंदात मीठ घालून पाहिलं. पाण्यात मीठ घालून पाहिलं. कांदासुद्धा घालून पाहिला. थर सुटतच राहिले.

शेवटी त्यांनी दाबयंत्र चालवणाऱ्याला गाठलं. पहिले तुकडे वेळेवरच काढले होते, असं तो शपथेवर सांगत राहिला. मग डांबरताईंनी स्वतःच्या हाताने चहा करून त्याच्यापुढे ठेवला. कप बघून त्याचा चेहरा उतरला.

"त्या दिवशी चहाला गेलो होतो ताई," तो म्हणाला. "गप्पांत वेळ गेला. तुकडे आतच राहिले."

आणि दुसऱ्या वेळी साहेब उभे होते, म्हणून बिचारा जागचा हललाच नव्हता. लिग्निनचा गोंद आळशी. गरम दाबाखाली नेहमीच्या गोंदापेक्षा जास्त वेळ पडून राहिल्याशिवाय तो धरत नाही, एवढीच गोष्ट होती. डांबरताईंना त्याला ओरडावं की मिठी मारावी कळेना. त्यांनी त्याला आणखी एक कप चहा पाजला.

पुढच्या खेपेला फळ्या टिकल्या. जास्त वेळ लागतो म्हणून कारखानदाराने कपाळाला आठ्या घातल्या, पण दाराआडच्या स्वस्त कपाटांसाठी गोंद घेऊ लागला. साहेबांनी बैठकीत ही कल्पना आपली असल्याचं सांगितलं. घरी मात्र डांबरताईंनी चहाची हकीकत सासूबाईंना सांगितली, तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "चहात तरी काय, चिमूटभर मीठ घातलंच असेल कुणी."

आता डांबरताई गाळापासून प्लास्टिकचे हँगर करतात. उन्हात ते मेणासारखे वाकतात, आणि सासऱ्यांचे सगळे सदरे एका खांद्याने उतरते झाले आहेत. सासरे ते तसेच घालून फिरायला जातात, आणि कुणी विचारलंच तर सुनेचं संशोधन चालू आहे, असं मोठ्या अभिमानाने सांगतात.