भंडारा उचलून सांगता येईल तेवढंच

पंचायत समितीत कारकुनी करता करता माझा एक पक्का समज झाला होता, की अर्ज लिहावा तर मीच. कुणाची विहीर, कुणाचं घरकुल, कुणाचं भावकीतलं भांडण. माझ्या हातचा अर्ज गेला की साहेब लोक निदान वाचून तरी बघतात, असं गावात बोललं जायचं आणि मी ते मान खाली घालून आवडीनं ऐकायचो. त्यामुळं चुलत्यांना पोलिसानं मारलं हे काकींनी सांगितलं तेव्हा, लाज वाटते पण सांगतो, रागाच्या मागोमाग माझ्या डोक्यात मजकूर तयार व्हायला लागला.

झालं होतं ते असं. चुलत्यांनी एकाच्या शेतात खतासाठी मेंढरं बसवली होती. रस्त्याच्या कडेच्या त्या कळपातून दोन मेंढ्या कुणीतरी गाडीत घालून नेल्या. चुलते फिर्याद द्यायला ठाण्यात गेले. कुठलं ठाणं ते सांगत नाही. सोबत काकी होत्या, त्या दारातल्या पायरीवर बसल्या. हवालदार म्हणाला, हिंडत असतील, सापडतील, जावा. चुलते जागचे हलले नाहीत. पुन्हा पुन्हा तेच सांगत राहिले. तेव्हा हवालदारानं उठून त्यांच्या कानाखाली वाजवली. फेटा फरशीवर पडला. काकींनी ते पायरीवरून बघितलं.

परत येताना चुलते एवढंच बोलले, "कुणाला सांगू नगंस." त्या दिवसापासून ते मेंढरं घेऊन आडरानातच राहायला लागले. पारावर बसणं बंद, जेवताना बोलणं बंद. आठ दिवस काकींनी वाट बघितली आणि मग माझ्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"त्येंना मारलं, ही कुठंतरी मान्य व्हाया पायजे," त्या म्हणाल्या. "न्हायतर ह्ये आतल्या आत संपत्याल."

मी बैठक मारून दोन पानं लिहिली. अर्वाच्य शिवीगाळ, लाथाबुक्क्यांनी अमानुष मारहाण, जिवे मारण्याची धमकी. या तिन्हींशिवाय आमच्याकडं पोलिसांविरुद्धचा अर्ज पुरा होत नाही. घडलेलं असो नसो, भाजीत मीठ घालावं तसं ते घालायचं. शिवाय आरोपी एकापेक्षा दोन बरे, म्हणून खोलीत हजर असलेल्या दुसऱ्या, तरुण शिपायालाही मी त्यात ओढला. मग ते मोठ्यानं वाचून दाखवलं.

काकींना लिहिता येत नाही, त्या अंगठा करतात. मी शाईची डबी पुढं सरकवली. त्यांनी कमरेचा बटवा सोडला. त्यात अणदूरच्या खंडोबाचा भंडारा असतो. चिमूटभर पिवळी हळद तळहातावर घेऊन त्या म्हणाल्या, "आता पुन्यांदा वाच. सावकाश."

आमच्या धनगरांत भंडारा उचलला की खोटं बोलायची सोय नाही. चराऊ रानावरून झालेली भांडणं, सोयरिकीतले वाद त्यावर मिटतात. पण सरकारी अर्जावर कुणी भंडारा उचललेला मी पाहिला नव्हता. मी वाचायला लागलो. 'लाथाबुक्क्यांनी' आलं आणि काकींनी मूठ मिटली.

"लात मारली न्हाय. चापट मारली. एक."

"काकी, एका चापटीला कोण विचारतंय?"

"न्हाय इचारलं तर न्हाय. एकच मारली."

धमकीपाशी पुन्हा मूठ मिटली. शिव्या दिल्या होत्या, पण मी लिहिल्या तेवढ्या नव्हत्या. आणि शिपायाचं नाव काढताच तर त्या माझ्यावर उखडल्याच.

"त्यो कुठं मारत हुता? त्येनं फेटा उचलला, झटकला, दोनी हातानं ह्यांच्याकडं दिला. ती लिव."

"अहो, तक्रारीत पोलिसाचं कौतुक कुणी लिहितं का?"

"घडलंय न्हवं?"

मी चिडलो. म्हटलं, मग तुमची तक्रार उभीच राहायची नाही, मला वीस वर्षांचा अनुभव आहे. त्या शांतपणे म्हणाल्या, "उभी न्हाय ऱ्हायली तर बसंल. भंडारा उचलून सांगता येईल तेवढंच लिव."

दोन पानांच्या सात ओळी झाल्या. त्या ऐकून काकींनी भंडारा कपाळाला लावला आणि मग अंगठा उमटवला. धाराशिवला जाऊन आम्ही तो अर्ज पोलिसांच्या वरच्या कार्यालयात दिला, पोहोच घेतली. एसटीत बसल्यावर मी मनातल्या मनात त्या अर्जाला रामराम ठोकला.

दीड महिन्यानं चौकशीचं बोलावणं आलं. चुलते यायला तयार नव्हते, पण सरकारी कागद आलाय म्हणून आले. चौकशीला एक पोलीस अधिकारी मॅडम होत्या. एका बाजूला हवालदार आणि तो तरुण शिपाई उभे, एका बाजूला आम्ही. मॅडमनी चुलत्यांना खुर्ची दिली आणि विचारलं, "बाबा, तुम्हाला ठाण्यात कुणी मारलं का?"

चुलते फरशीकडं बघत राहिले. मग म्हणाले, "न्हाय. मला कुणी मारलं न्हाय."

हवालदाराचे खांदे सैल पडले. मला चुलत्यांचा राग आला आणि लगेच कळवळाही आला. उभ्या आयुष्यात ज्याला कुणी अरेतुरे केलं नाही, त्यानं चार लोकांत 'मला मारलं' म्हणायचं म्हणजे पुन्हा एकदा मार खाणंच. संपलं सगळं, असं मला वाटलं. काकी मात्र चुलत्यांवर जराही रागावल्या नाहीत.

"त्ये लाजत्यात, म्याडम," त्या म्हणाल्या. "म्या डोळ्यानं बघितलंय. बघितलं तेवढंच त्यात हाय."

मॅडमनी अर्ज उचलला आणि सातही ओळी सगळ्यांना ऐकू जातील अशा वाचल्या. खाली पडलेला फेटा तिथल्या दुसऱ्या पोलिसाने उचलून, झटकून, दोन्ही हातांनी परत दिला, ही शेवटची ओळ. ती वाचून त्या थांबल्या. शिपायाकडं वळून म्हणाल्या, "हे तुम्ही केलंत?"

शिपायानं बाजूला बघितलं. ज्याच्या हाताखाली उद्या पुन्हा ड्यूटी करायची, तो हवालदार त्याच्या शेजारीच उभा होता. मीही नोकरी करतो. त्याच्या जागी मी असतो तर काय बोललो असतो ते मला पक्कं माहीत आहे, आणि ते सांगण्यासारखं नाही.

"हो मॅडम," तो म्हणाला. "मीच उचलला. हवालदार साहेबांनी मारलं, तेव्हा पडला होता."

माझी दोन पानं गेली असती तर हा माणूस इथं आरोपी म्हणून उभा असता आणि स्वतःची कातडी वाचवायला त्यानं सगळंच नाकारलं असतं. काकींनी मात्र त्याला त्याचं खरं तेवढं दिलं होतं आणि त्यानं ते झेललं होतं. काकींना हे आधी कळलं होतं का? मला नाही वाटत. त्यांनी काही डाव टाकला नव्हता, घडलं ते सांगितलं होतं, बस्स. वीस वर्षं दुसऱ्यांची दुःखं कागदावर फुगवत बसलेला मी, त्या नऊवारीतल्या बाईकडं नुसता बघत राहिलो. देवळात उभं राहिल्यावर वाटतं तसं काहीतरी मला त्या सरकारी खोलीत वाटलं.

चुलत्यांनी मान वर केली. त्या शिपायाकडं त्यांनी बराच वेळ बघितलं. खुर्चीच्या हातावर जोर देऊन ते सावकाश उभे राहिले आणि मॅडमच्या डोळ्याला डोळा देऊन म्हणाले, "व्हय. मारलं मला. समद्यांम्होरं मारलं."